खिडकीतल्या कूलरचा दावा

मानवी प्रतिभेचे रक्षण करण्यासाठीच काही माणसे जन्माला येतात. त्यांपैकी मी एक, असे सत्तरच्या दशकात मला वाटत असे. नागपुरातल्या एका कॉलेजात मी परीक्षानळ्या मोजून घेणारा डेमॉन्स्ट्रेटर होतो. स्वतःबद्दल काहीतरी वाटून घेणे भाग होते.

लोकांच्या शोधांचे हक्क नोंदवून देणाऱ्या पेटंट एजंटाच्या परीक्षेला आमच्या कॉलेजातून दोघे बसलो. दुसरा माझ्याहून धाकटा, शेजारच्याच घरात राहणारा. मी कायद्याच्या पुस्तकात लाल पेन्सिलीने इतक्या रेघा मारल्या की कोऱ्या राहिलेल्या ओळीच महत्त्वाच्या दिसू लागल्या. तो माझेच पुस्तक नेई, रॉकेलच्या रांगेत वाचे आणि दुपारी झोपे. झोप गाढ लागे. मधली भिंत पातळ असल्याने मला ते ठाऊक होते.

या परीक्षेचा जीव दाव्यात असतो. शोध नेमका कोणता, हे एका वाक्यात लिहायचे. वाक्यात मावेल तेवढेच मालकाचे, बाकी जगाचे. सरावाला आम्ही माझ्या खिडकीतला कूलर घेतला. मी पानभर वाक्य लिहिले. लोखंडी पेटी, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, पाण्याचा पंप. एक खिळा सुटू दिला नाही. मग ते मोठ्याने वाचून दाखवले.

"सर, तुम्ही खस लिहून बसले," तो म्हणाला. "उद्या मी लाकडाचा भुसा भरून तुमच्याच दारासमोर कूलर विकीन. मले कसे अडवसान?"

त्याचे वाक्य दोन ओळींचे होते. त्यात खसाचे नाव नव्हते. पाणी धरून ठेवणारा आणि वारा जाऊ देणारा थर होता. त्या थरात खस, भुसा, माझी जुनी बनियन, सगळेच येत होते.

"बाई, किती सोपं!" पत्नी म्हणाली आणि तिने त्याच्या बशीत आणखी चिवडा घातला. मी माझी रिकामी बशी पुढे केली.

"तुम्हाले काहून?" ती म्हणाली. "तुमचं वाक्यच पोटभर होतं."

परीक्षा मुंबईला झाली. दावा लिहायला स्टोव्ह आला. मी 'पितळेची टाकी' लिहिले आणि चूक लगेच लक्षात आली. खोडणार तोच समोर पाहिले. तो लिहून मोकळा झाला होता आणि खिडकीबाहेर बघत होता. त्या मोकळ्या हातांचा मला इतका राग आला की उरलेल्या वेळात मी टाकीला झाकणही पितळेचेच बसवले.

तो पास झाला. मी झालो नाही. पेढे माझ्या पत्नीने वाटले, शेजारधर्म म्हणून.

त्याने इतवारीच्या बाजारातून पितळी पाटी करून आणली, इंग्रजीत, पदवीसकट, आणि रस्त्याकडच्या खिडकीत त्याच्या कूलरच्या वर ठोकली. सबंध उन्हाळा मी व्हरांड्यात बसून त्या दाराकडे लक्ष ठेवले. शोध लावलेला माणूस कसा दिसतो याची कल्पना नसल्याने प्रत्येक सायकलवाल्याचा संशय येई.

अखेर मे महिन्यात एकजण सायकलवरून उतरला. त्याने पाटी निरखली, खालचा कूलर निरखला आणि दार वाजवले. मी उठून उभा राहिलो.

त्याला मिस्त्री हवा होता. घरचा कूलर बंद पडला होता.