काळा दोरा आणि सोयावडी

फुलंब्रीच्या फाट्यावर जीप भरत आली होती. मी खिडकीशी बसले होते आणि मांडीवर येसराचा डबा होता. भाजलेले धान्य आणि मसाला एकत्र दळून केलेले हे पीठ घातले की कोणताही रस्सा आईचा होतो, असा आमच्या घरात समज आहे. आईने खिडकीतून माझा हात बाहेर ओढला, मनगटाला काळा सुती दोरा बांधला आणि त्याखाली स्वतःचे बोट सरकवून पाहिले. एकच मावले.

"दिवाळीला बघणार. दोन बोटं गेली ह्याच्यात, तर नोकरी राहिली तिथंच. गुमान घरी यायचं."

"बघायला मी जातो," माझे वडील, अण्णा, म्हणाले. "तू गेलीस तर नुसती रडून येशील."

आमचे गाव ते शहरालगतचे चिकलठाणा, जिथे मला अन्न तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, हे अंतर तासाभराचे. स्थलांतर या भारदस्त शब्दाला ते शोभत नाही, हे मान्य. पण प्रयोगशाळेची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते आणि त्याआधी शहरात पोहोचवणारे वाहन गावातून निघत नाही. खोली घेणे भाग होते, आणि लग्नाआधी घराबाहेर राहायला गेलेली आमच्याकडची पहिली मुलगी मी. अन्नशास्त्राची पदवी, नेमणुकीचे पत्र, कशानेही आई बधली नव्हती. बधली ती या दोऱ्याच्या अटीवर. मला अट आवडली. निदान मोजता येण्यासारखी होती.

दोन महिन्यांत मोजमाप माझ्या विरोधात गेले. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी कॅन्टीनचा समोसा, संध्याकाळी कंटाळा. दिवसभर इतरांच्या अन्नातली प्रथिने मोजणारी मी स्वतः टोस्टवर जगत होते. दर रविवारी दोऱ्याखाली बोटे घालून पाहायची. श्रावणात दुसरे बोट नखापर्यंत शिरले, तेव्हा मी घाबरले. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, माझ्या सहीने पुढे जाणारे अहवाल, हे सगळे मला सोडायचे नव्हते.

उपाय तपासणीला आलेल्या नमुन्यांतच सापडला. सोयावडी: डाळीच्या दुपटीने प्रथिने आणि शिजायला अगदी थोडा वेळ. गंमत अशी की मला आठवते तेव्हापासून आमच्या शेतात सोयाबीन आहे, पण चुलीवर ते कधी चढले नाही. तूर घरासाठी, सोयाबीन बाजारासाठी आणि तेल काढून उरलेली पेंड म्हशीसाठी. ही वाटणी तपासून पाहावी, असे कोणालाही वाटले नव्हते, मलाही नाही.

पहिली भाजी ओल्या स्पंजसारखी झाली. मग मी वही काढली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात वडी दहा मिनिटे ठेवायची. नंतर गार पाण्यात बुडवून मुठीत घट्ट पिळायची, तेही दोनदा. उग्र वास त्या पाण्याबरोबरच जातो. चमचाभर तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतून बाजूला काढायची. कांदा, टोमॅटो, आले-लसूण, हळद, वडी, बेताचे पाणी आणि शेवटी दोन चमचे येसर. तिथे भाजी जमली. पिळून रिकामी झालेली वडी आईची चव पुरती शोषून घेत होती. जोडीला ज्वारीची भाकरी, दह्यातली काकडी, लिंबाची फोड. माझा दुपारचा डबा ठरला.

दिवाळीआधीच्या रविवारी अण्णा आले. सोयाबीनची मळणी उरकून, टोपीवर भुसा तसाच. मी ताट वाढले. त्यांनी भाकरी मोडून रश्शात बुडवली आणि हात तिथेच थांबला. अण्णा माळकरी, आमच्या घरात अंडेही येत नाही. आणि ताटात तपकिरी, रेषारेषांचे तुकडे.

"हे काय खायलीस गं तू?" आवाज अगदी हळू होता. "तुझ्या आईला काय सांगू मी?"

वाद घालण्यापेक्षा पुरावा बरा. मी कोरड्या वड्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि दोन त्यांच्यासमोर गरम पाण्यात टाकल्या. त्या फुगायच्या आतच अण्णांनी एक दाताखाली फोडली.

"सोयाबीन हाय हे."

"व्हय. तेल काढून उरतं, त्याचं करतात."

"तेल काढून उरती ती पेंड."

खोटे बोलणे जमेना. "तसं बघितलं तर पेंडच, अण्णा. माणसांसाठी साफ केलेली."

अण्णांनी ताटातली एक वडी बोटाने दाबून पाहिली. मग त्यांचे खांदे हलू लागले. "तरीच म्हैस माझ्यापेक्षा ठणठणीत दिसती," ते म्हणाले आणि तीन भाकरी जेवले.

हात धुतल्यावर खरी तपासणी. मी मनगट पुढे केले. अण्णांचे बोट आईपेक्षा जाड, म्हणून माझेच घातले; एक बोट अर्धे जाऊन अडकले. मी गप्प बसू शकले असते.

"अण्णा, सुती दोरा भिजून आटतो. हे माप माझ्या बाजूनं झुकलेलं असू शकतं."

"तुझ्या आईला तेवढं कळत नसंल व्हय? चार दिस दोरा भिजवायली न् वाळवायली होती ती. मग बांधला."

म्हणजे माप खरे होते, आणि आमच्या घरातला पहिला काटेकोर प्रयोग माझा नव्हता. जाताना अण्णांनी मूठभर कोरड्या वड्या रुमालात बांधून नेल्या.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, घर कुठे, असे विचारले तर आता मला एकच पत्ता देता येत नाही. येसर तिकडून येते, वडी इकडून जाते. परवा आईचा फोन आला.

"दोनदा पिळली, तरी तुझ्यासारखी होईना गं. ये एकदा."

माझे बोट आपोआप दोऱ्याकडे गेले. "येऊ म्हणजे?"

"राहायला नाय, बाई. करून दाखवायला ये."