अडुसष्ट किलोंचे भारकाका
बाइंडिंगखान्यात भारकाकांचा हुद्दा काय, असं विचारलंत तर कुणीही सरळ सांगेल: वजन. छापील कागदांचे गठ्ठे तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेणारी एक जुनाट लिफ्ट होती. वर कप्पी, कप्पीवरून दोर, दोराच्या एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्याला फळी. फळीवरचं लोखंड कधीतरी गायब झालं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, नवं येईपर्यंत तू उभा राहा. त्याला बावीस वर्षं झाली.

काका वरच्या मजल्यावर फळीवर चढत, खाली जात, आणि गठ्ठे वर येत. मग काका फळीवरून उतरले की रिकामी लिफ्ट आपल्याच भाराने खाली येई, फळी वर जाई आणि काका जिन्याने तिच्यामागे. मात्र काका अडुसष्ट किलोंचेच हवेत. दोन किलो घटले की गठ्ठे अधांतरी लटकणार, दोन वाढले की धाडकन वर आदळणार. काकू तिथेच तिसऱ्या मजल्यावर कागद दुमडायच्या. त्या बिचारीने सगळा संसार काट्यावर केला. कुणाच्या लग्नात काका दुसऱ्यांदा वाढून घेताना दिसले, की त्या लांबूनच डोळे वटारीत.

मग नवे इंजिनिअरसाहेब आले. माणूस आजारी पडतो, लोखंड पडत नाही, असं म्हणून त्यांनी सतरा किलोंचे चार ठोकळे आणवले. पन्नाशीच्या माणसाला, ज्याला अडुसष्ट किलो असण्याचाच काय तो अनुभव, नोकरी देणार कोण?

ठोकळे फळीवर ठेवले, गठ्ठे झोकात वर आले, टाळ्या झाल्या. मग ठोकळे राहिले खालीच. ते काही जिना चढेनात. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या डोक्यात आली नव्हती हो! पण चूक कबूल करतील तर ते साहेब कसले? त्यांनी फर्मावलं, ठोकळे काकांनी वर आणायचे, जेवणाच्या सुट्टीआधी. जमलं तर नोकरी राहील, नाहीतर दुसरा माणूस बघू.

काकांनी पहिला ठोकळा खांद्यावर मारला आणि एका दमात वर आणला. मग दुसरा आणायला वळले आणि जिन्याच्या तोंडाशी थबकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी पाय उचलेना. बावीस वर्षांत काका हा जिना फक्त चढले होते. खाली जायचं ते फळीवरून, संध्याकाळी घरी जातानासुद्धा; आणि आज फळी उरलेल्या ठोकळ्यांसकट खालीच अडकली होती. घर बैठं, तिथे जिनाच नाही.

काकू हातातला कागद टाकून आल्या.

"अगं, वरून हा असा दिसतो होय?" काका म्हणाले.

"असाच दिसतो. मी रोज एकटी उतरते," काकू म्हणाल्या आणि एक पायरी खाली जाऊन त्यांनी हात पुढे केला. "धरा."

एकेका पायरीवर थांबत दोघं तळाला पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. ठोकळे जिथल्या तिथे होते. म्हातारे फोरमन एवढंच म्हणाले, की साहेब, हे ठोकळे वाहण्यापेक्षा काका नुसतेच वर आलेले काय वाईट होते? साहेबांनी खूप वेळ कप्पीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, हेच तर मी सुचवणार होतो.

काका पुन्हा फळीवर उभे राहायला लागले. पण संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला ते फळीवर स्वतः चढत नाहीत. चार ठोकळे ठेवून फळी सोडून देतात आणि काकूंचा हात धरून जिन्याने उतरतात. त्यापायी सकाळी भोंग्याआधी येऊन चारही ठोकळे एकेक करून वर न्यावे लागतात. साहेबांनी हे कागदावर मांडून दाखवलं, की यात शुद्ध तोटा आहे. काकांनी कागद नीट वाचला, हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी आले.