सायलेन्सरवरचा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजही उठून चहा ठेवायला जातो. इंजिनात पेट्रोल, हवा आणि ठिणगी, चौथं काही नसतं... हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं. तुम्ही काय समजायचं ते समजा.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत, कालव्याच्या ऑफिसात कारकून. युद्धानंतर लष्कराच्या खाकी फटफट्या लिलावात निघाल्या होत्या. त्यातल्या मोडक्या मी पुण्याहून आणायचो, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्त करायचो आणि कुणा हौशी बागायतदाराला विकायचो. धंदा कसला, खाजच ती!

या खाजेत माझी बायको कमल बरोबरीची भागीदार. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवताना मी स्क्रूपाशी बसायचो आणि ती मागे, सायलेन्सरच्या तोंडाशी. ओलं फडकं तळहाताला गुंडाळून ती नळीवर हात धरायची. हात लागला की आवाज दबायचा, इंजिन घुसमटल्यासारखं चालायचं आणि धुराचे ठोके तिला हाताला कळायचे. "आजून जड हाय... वाईच ढिला करा," म्हणायची. ठोका एकसारखा बसला की हात काढायची, आवाज मोकळा व्हायचा. तरीही मी स्क्रूशी चाळा करत राहिलो की वैतागायची. "आवो, झालं न्हवं? उगं किती खेळताय!" मोरगावची पोर, लग्नाआधी तिनं फटफटी धड जवळून पाहिलीही नव्हती.

टायफॉइडनं ती गेली तेव्हा शेडमध्ये एक फटफटी अर्धवट उघडी पडली होती. दिवसकार्य उरकलं, मी कामावर जाऊ लागलो. लोक म्हणायचे, काय खंबीर माणूस! खंबीर कसला डोंबलाचा. आत काही लागतच नव्हतं. आमटीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. रडू यावं म्हणून तिचं लुगडं काढून समोर ठेवून बसलो, तर त्याची घडी नीट नाही एवढंच मनात आलं. फटफटी मात्र जोडत गेलो, हातांना सवय होती म्हणून. ही एकदा विकली गेली की शेडला कुलूप लावायचं, असं ठरवून टाकलं होतं.

बावड्याचे माणिकराव केळीवाले गिऱ्हाईक म्हणून आले. इंदापूरच्या बाजाराला जायला त्यांना फटफटी हवी होती. भर दुपार. ते समोर ओट्यावर चहा पीत बसले, मी अलीकडे, फटफटी आमच्या मधे. किक मारली, स्क्रूपाशी बसलो... आणि मागून आवाज दबला.

अगदी तसाच. हात ठेवल्यासारखा.

मी घाबरलो नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. सवयीनं स्क्रू थोडा ढिला केला. अजून थोडा. ठोका बसला, आणि आवाज मोकळा झाला.

माणिकरावांनी नाक वर केलं. "भाऊसाहेब, वलं फडकं करपतंय जनू कुठंतरी. तुमास्नी येतोय का वास?"

येत होता. गेले कित्येक दिवस मला कशाचाच वास आला नव्हता.

आता मी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. नीट जुळलेला स्क्रू मी मुद्दाम आवळला, बिघडवला. इंजिन जड चालू लागलं... आणि आवाज पुन्हा दबला! यावेळी मी सावकाश फिरवलं, जितकं सावकाश फिरवता येईल तितकं. ठोका बसू नये असं वाटत होतं. पण बसला, आणि हात निघाला.

मी तिसऱ्यांदा बिघडवलं.

"आवो, आत्ता तर झ्याक चालली हुती!" माणिकराव उठून उभे राहिले. "घ्यायाची हाय मला, मोडायची न्हाय."

आवाज दबलाच नाही. इंजिन तसंच जड, मोकळं भकभकत राहिलं. मी वाट पाहिली. माणिकराव काहीतरी बोलत होते. माझी हनुवटी ओली झाली तेव्हा कळलं, की मी रडतोय. त्यांनाही दिसलं असावं, कारण ते कप घेऊन पुन्हा खाली बसले.

मग मी स्क्रू जागेवर आणला आणि इंजिन बंद केलं. नळीत काही अडकलं होतं का म्हणून तार घालून पाहिली. स्वच्छ. दुपारीच फटफटी बावड्याला गेली. शेडला कुलूप मात्र लावलं नाही. नंतर कितीतरी इंजिनं जुळवली, मुद्दाम बिघडवूनही पाहिली. पुन्हा तसं कधी झालं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. लोक विचारतात, मान वळवून बघितलं का नाही? सायलेन्सर हाताच्या अंतरावर होता. पण तिथं कुणी दिसणार नाही याची मला पक्की खात्री होती. म्हणूनच नाही बघितलं.