घागरीतले लव्हबर्ड

आमच्या आप्पांनी लव्हबर्डांसाठी बनवलेली पेटी एवढी भक्कम होती की तापीला पूर आला असता तर सुरतेतलं आमचं निम्मं पर्वत पाटिया तीत बसून डुमसच्या दर्यापर्यंत सुखरूप गेलं असतं. लूमच्या खात्यातल्या, म्हणजे कापडाच्या कारखान्यातल्या, खोक्यांच्या फळ्या, मशीनला शोभतील असे नटबोल्ट, पुढे गोल दार आणि दाराशी टेकायला दांडी. दारापुढे तुळशीवृंदावनही बसवायचा त्यांचा विचार होता, मायने डोळे वटारले म्हणून राहून गेलं.

पाखरांचं खरं नाव बजरीगर, पण तेव्हा सुरतेत लहानथोर सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणत. आप्पांनी ती जोडी कतारगामच्या एका पक्षीवाल्याकडून आणली होती. निळ्या नाकाचा पिवळा नर आणि तपकिरी नाकाची हिरवी मादी. देतानाच तो म्हणाला होता, "काका, मटकी टांगजो. मटकीमां ज ईंडां मूकशे." मडकं टांगा, अंडी मडक्यातच घालतील. आप्पांना तो अपमान वाटला. उभी हयात लूम चालवलेल्या माणसाच्या घरची पाखरं काय मडक्यात संसार करतील? म्हणून ती पेटी.

मादी रोज दांडीवर यायची, दारातून आत डोकावायची आणि भाड्याची खोली पसंत न पडलेल्या बाईसारखी मान फिरवून निघून जायची. दोन वर्षं तिने आत पाय ठेवला नाही.

पण खात्यात विचाराल तर आमच्याकडे पिल्लांना ठेवायला जागा नव्हती. आमच्या घराण्यात खोटं कुणी बोलत नाही. तागा मापात बसावा म्हणून कापड जरा खेचतात ना, तसं आम्ही खरं खेचतो, एवढंच. मुकादमाने एक जोडी मागितली तेव्हा आप्पा म्हणाले, "सगळी कामरेजच्या एका शेठनं नेली." कामरेजला असा कुणी शेठ नव्हता. म्हणजे शेठ असतील, पाखरं नेणारा नव्हता. घरात मापात बोलणारी एकटी माय. ती म्हणायची, "एक अंडं दाखाडा पहिले." आप्पा म्हणायचे, "दाखाडसू." दाखवतो म्हणजे दाखवतो.

ते दाखवायच्या आधीच आप्पा गेले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दिवसपाळीवरून आले, खाटेवर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला तेव्हा प्यायला कुणी उरलं नव्हतं.

मायने रडणं लवकर आवरतं घेतलं, पण ते पाणी तिच्या मनातून गेलं नाही. आप्पा तहानेले गेले, हे तिने धरून ठेवलं. पाखरांवरही राग काढून पाहिला. "तुना बापनी लाडकी," म्हणत बाजरी अशी टाकायची की जणू कर्ज फेडतेय. पण टाकायची. आप्पा सुट्टीच्या दिवशी खिडकी लावून पिंजऱ्याचं दार उघडायचे. ती तर रोज दुपारी उघडायला लागली. का, विचारलं तर म्हणे, पिंजरा झाडायला सोपं जातं.

होळी झाली आणि आखाजीचा विषय निघाला. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आम्हा खानदेशी लोकांत त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कोरी घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचं ताट त्याला दाखवतात. त्याचं जेवण झालं की मग आपलं. गावी काका घागर भरणारच होते, पण मायने निक्षून सांगितलं, "त्या अठे तहानेला गयात. त्यासले पानी मी अठेच पाजसू." इथे तहानेले गेले, तर पाणी इथेच.

पाणी सुरतेचं चालेल, पण घागर गावचीच हवी. सुरतेची माती खारट, असं तिचं मत. पितर त्या घागरीला तोंडसुद्धा लावणार नाहीत.

तेव्हा मामाने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, गावच्या कुंभाराकडून घागर घेतली आणि ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने मांडीवर धरून आणली. अमळनेरला बसला तो उधन्यालाच उठला. मध्ये नंदुरबारला चहा आला, नवापूरला खिडकीतून कुणाची तरी कोंबडी आत आली, एका बाईने तर देवाचं काही असेल म्हणून घागरीला हात जोडले; मामा हलला नाही. उतरला तेव्हा त्याचे पाय घागरीच्या आकाराचे झाले होते, आणि पुढे आठवडाभर त्याच्या दोन गुडघ्यांमधून बैलगाडी गेली असती. घागर फुटू नये म्हणून आत कडब्याचा भुसा भरला होता आणि तोंडाला लुगड्याचं फडकं बांधलं होतं. ती तशीच आम्ही माळ्यावर, भिंतीला टेकवून आडवी ठेवली.

आता पुढे काय झालं ते कतारगामच्या पक्षीवाल्याला न विचारताही कळेल. अंधार, भुसा, गोल पोट आणि कुणाचा त्रास नाही. दोन वर्षं जी जागा ती बाई शोधत होती ती मामाने मांडीवर बसवून घरपोच आणून दिली.

मला पत्ता लागला तो उंदीर समजून. माळ्यावर खुडबुड ऐकू आली म्हणून चढलो. फडक्याला कुरतडून चांगलं दार केलेलं. मी आत हात घातला आणि मादीने माझं बोट असं धरलं की लूमच्या पट्ट्यानेही कधी धरलं नव्हतं. बोट सोडवून घेतलं, बॅटरी लावली. भुशात अंडी. पांढरीशुभ्र, खडीसाखरेच्या मोठ्या खड्यांसारखी.

आप्पा, एक अंडं दाखवा म्हणाली होती ना माय? घ्या.

पण मी मायला दाखवलं नाही. घागर एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे, हे मला तिथेच, माळ्यावर वाकल्यावाकल्या कळलं. मायला कळलं तर ती घागर रिकामी करणार, आणि आप्पांच्या पाखरांना आयुष्यात पहिल्यांदा झालेलं भुशासकट खाली येणार. मी बेत केला: आखाजीच्या आत पिल्लं उडतील, मग घागर घासून-धुऊन जागेवर ठेवू. कोरी घागर लागते हे मला माहीत होतं. पण आप्पांनी वरून तक्रार केली असती तरी ती मायपर्यंत पोचायला वेळ लागला असता. बेतात एकच खोट राहिली. पाखरांना कॅलेंडर दाखवलं नव्हतं.

पिल्लं निघाली ती मागेपुढे, एकेक करत. लव्हबर्डाचं नवं पिल्लू इतकं कुरूप असतं की त्याच्या आईचं कौतुक करावं. भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं, उघडंबोडकं, डोळे मिटलेले, आणि मान अशी की सुताच्या एका धाग्याला कुणी डोकं बांधून दिलंय. आई त्याला उताणं पाडते आणि चोचीत चोच घालून भरवते. ती घागर सोडत नाही, म्हणून तिला नर भरवतो. तो दिवसभर बाजरी पोटात भरून माळ्यावर नेई, घागरीच्या तोंडाशी तिच्या चोचीत ओती आणि पुन्हा खाली. खात्यात डबल पाळी करणाऱ्यांनी त्याच्याकडे बघून लाजावं.

चार पिल्लं. चारही वेगळ्या मापाची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. खात्यात मी अकरा सांगितली. आप्पांनी दोन वर्षं जे खेचून ठेवलं होतं ते एकदम सैल सोडून चाललं नसतं.

आणि मग एके दिवशी मी माळ्यावर चढलो तर घागरीशेजारी आप्पांची चहाची बशी. बशीत भिजवलेली बाजरी आणि कोथिंबिरीच्या काड्या.

मी ठेवली नव्हती.

खाली उतरलो. माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उंदीर सापडना का?"

"नही."

"सापडी, सापडी," ती म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

यापुढे आमच्या घरात जे चाललं तसं चोरांच्या घरातही चालत नसेल. मी उंदरांसाठी वर जायचो, ती लोणच्यासाठी वर जायची. लोणच्याची बरणी खाली कपाटात होती. मी तिला काही विचारलं नाही, तिने मला काही सांगितलं नाही. पण आखाजी जवळ आली तसा बाजरी टाकताना तिचा हात थांबायचा. मध्येच आप्पांच्या रिकाम्या खाटेकडे बघायची, मग माळ्याकडे. घागर मागावी तर पिल्लं जातात. पिल्लं ठेवावी तर तो माणूस दुसऱ्यांदा तहानेला जातो. तिच्या जिवाची ही ओढाताण मला दिसत होती. मी कतारगामला जाऊन पक्षीवाल्याला विचारूनही आलो, पिल्लं पेटीत हलवली तर? तो म्हणाला, "घर बदलशो तो मा खवडावशे नहीं." घर बदललं तर आई भरवणार नाही.

आखाजीच्या आदल्या दुपारी मामा आला. दरवर्षी तो तिला माहेरी न्यायला यायचा. त्या वर्षी ती जाणार नव्हती, म्हणून माहेरच तिच्याकडे घेऊन आला: पिशवीभर आंबे आणि तान्ह्या पोराएवढं डांगर.

"अक्का, घागर काढ. धुई ठेवू."

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कसं? उद्या आखाजी शे!" आणि मला काही सुचायच्या आत मामा माळ्यावर. मग एक आरोळी, आणि मामा खाली. मिशीत भुसा, नाकाच्या शेंड्यावर रक्ताचा थेंब.

"अक्का! घागरमा कोनी तरी शे!"

"माले मालूम शे," माय म्हणाली.

"मालूम शे? आते काय? बाटनी ना ती! मी काय पाखरंसाठे मांडीवर आनी का? आख्खी ताप्ती लाइन माना पाय..." नाकाला हात लावत तो पेटीकडे वळला. "हाई पेटी शे ना दाजीनी? तीमा टाक त्या पाखरंसले. मी धुई देस घागर."

मी पक्षीवाल्याचं म्हणणं सांगितलं. मामा म्हणाला, "पाखरू मोठं का दाजी मोठा?"

मी मायकडे बघितलं. ती पेटीसमोर उभी होती. दारावरून बोट फिरवलं, एक बोल्ट उगाचच पिळून पाहिला. तो हलला नाही. आप्पांनी आवळलेला बोल्ट होता. मग तिने पायात चपला घातल्या, माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "चाल."

रस्त्याला लागल्यावर मला कळलं, आम्ही कुंभाराकडे चाललोय. सुरतेच्या कुंभाराकडे. खारट मातीवाल्या.

त्याच्या दारात मडक्यांची रांग. माय एकेकाला बोटाच्या पेराने वाजवत गेली, कान लावून ऐकत गेली, जणू प्रत्येकाला त्याचं गाव विचारतेय. कुंभार कंटाळला. "बेन, शुं जुओ छो? आखुं सुरत आनुं ज पाणी पीए छे."

मायचा हात एका घागरीवर थांबला. सगळी सुरत ह्याच मडक्यांतलं पाणी पिते, हे तो सहज बोलून गेला होता. पण तिने ते बराच वेळ मनात फिरवलेलं दिसलं.

"खरं शे," ती मला म्हणाली. "जवानीमा अठे उनात. मंग जलमभर हाईच पानी पिनात त्या. गावनं कितलं पिनात?" तरुणपणी इथे आले आणि जन्मभर हेच पाणी प्यायले; गावचं असं कितीसं?

तिने ती घागर घेतली. घासाघीस केली नाही, यावरून तुम्ही काय ते समजा. घरापर्यंत मला हात लावू दिला नाही, कडेवर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आमचे लोक गावी गेल्याने खाती बंद होती, आणि ज्या गल्लीत बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे तिथे डांगर चिरल्याचा आवाज ऐकू येत होता. मायने घागर धुतली, पाण्याने काठोकाठ भरली, कुंकवाची बोटं ओढली. मामाने कुरकुरत का होईना तोंडावर डांगर ठेवलं. खाटेपुढे ताट वाढलं. मायने हात जोडले आणि, आप्पा समोर बसलेत अशा बेताने, जरा दरडावूनच म्हणाली,

"पानी अठे शे. पोटभर प्या. गावनी घागर वर शे, तुमना पाखरंसनी धरी. ती एकदाव देखी या, मंग जेवा."

आम्ही बसून राहिलो. आप्पांना माळ्यावर चढायला वेळ लागेल, गुडघे दुखायचे त्यांचे, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आमरसावर माशी बसली, मामाने हाकलली. मायची मान वर, कान वर. आणि मग नर उडाला, माळ्यावर टेकला, आणि घागरीच्या पोटातून तो आवाज आला. इतके दिवस लूमच्या खडखडाटात तो आम्हाला धड ऐकूच आला नव्हता. चारही पिल्लं एकदम चिरचिरत होती, भांडत होती, मागत होती. मग एकेक करत गप्प झाली.

"जेवनात," माय म्हणाली. जेवले. "वाढ आते."

मी वाढलं. मामाने पहिला घास घेतला, नाक चाचपलं, आणि राग थोडा उतरल्यावर वर बघत विचारलं, "अंधारमा काही दिसनं नही. कितला शेतस गं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायने त्याच्या ताटात पोळी टाकली. माझा खात्यातला आकडा तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचला, ते मी आजवर विचारलेलं नाही.

"अकरा," ती म्हणाली.