रिकामा बाक

आमच्या ब्लॉकमधले एक मराठी गृहस्थ तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करत आणि लिफ्टमध्ये शिक्षणव्यवस्था. "मुद्दा काय आहे," म्हणून सुरुवात होई. हुशार पोरांना कॉलेजचं गणित सरकारी शाळेतच शिकवावं आणि खर्च सरकारने द्यावा, हा तो मुद्दा. तो संपत नसे, म्हणून ते स्वतःचा मजला सोडून माझ्या मजल्यापर्यंत येत आणि मग जिन्याने खाली उतरत. शेजारची चिनी आंटी भाजीची पिशवी सावरत "कॅन, कॅन" म्हणे, म्हणजे इथल्या इंग्रजीत "हो, चालेल". त्याला ते जनतेचा पाठिंबा समजत.

वर्षभर शाळेच्या आणि सरकारच्या मागे लागून त्यांनी निधी मिळवलाच. शनिवारचा वर्ग सुरू होणार, तर त्यांचीच लेक म्हणाली, "पप्पा, सॅटर्डे नेटबॉल प्रॅक्टिस लाह!"

त्या शनिवारी ते लिफ्टमध्ये दिसले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात लेकीची कंपासपेटी.

"कुठे निघालात?"

"वर्गाला. बाईंची परवानगी काढलीय. मुद्दा काय आहे, पहिल्याच दिवशी बाक रिकामा दिसला, तर सरकार म्हणेल, बघा, गरजच नव्हती!"