तीन नंबरांचा फिटर

सावली गावातला कारखाना बंद पडला, तेव्हा तिथला एक फिटर बेकारभत्त्यासाठी आमच्या बडोद्याच्या कामगार विमा कचेरीत आला. नोकरी तीन राज्यांत झालेली, म्हणून विमा नंबरही तीन. एकाही नंबरावर पुरेशी वर्षं भरत नव्हती.

“तीन नंबर म्हणजे तीन माणसं,” असं म्हणत मी त्याला चार वेळा परत पाठवलं.

पाचव्यांदा त्याने तिन्ही जुनी विमाकार्डं सदऱ्याला पुसून टेबलावर मांडली. प्रत्येकावर कुटुंबाचा फोटो होता.

“माणसं तीन ना, साहेब? मग बायको एकच कशी?”

सगळी कचेरी हसली. मी त्याच दिवशी इतर राज्यांना पत्रं लिहिली. नोंदी जुळल्या, भत्ता मंजूर झाला. तो कार्डं उंचावत जिना उतरला.

फोटोंची युक्ती माझीच समजून वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतलीही. खरं तर ती त्या फिटरची होती.