अर्थिंगचा दुसरा खड्डा

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. लासलगावच्या एका खळ्यावर आमचं मशीन बंद पडत होतं, ते पॅनेलच्या वायरिंगमुळे नव्हे, माझ्या प्रोग्राममुळे. आणि हे कळल्यावरही मी दुसऱ्या माणसाला ती चूक स्वतःची म्हणून कबूल करू दिली. याला सहा वर्षं झाली. मी मुळात कमी बोलतो. तो माझा स्वभाव आहे असं सगळे समजतात, आणि त्या समजाचा मी भरपूर फायदा घेतला.

सातपूरला आमचा लहानसा कारखाना आहे. आम्ही कांद्याची प्रतवारी करणारी मशीन बनवतो. पट्ट्यावरून कांदा येतो, वरचा कॅमेरा त्याचा आकार बघतो आणि पुढच्या झडपा उघडून बारीक गोल्टी एकीकडे, मध्यम दुसरीकडे, मोठा तिसरीकडे पाडतात. कॅमेऱ्यापासून झडपेपर्यंतचा हिशेब सी भाषेतला एक प्रोग्राम करतो, तो माझा. सगळ्या वायरी ज्या लोखंडी पेटीत येऊन मिळतात ते पॅनेल आबांचं. आबा आमचे वायरमन, मूळचे देवळ्याकडचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. वयाने मोठे असून मला साहेब म्हणायचे, कारण मी खुर्चीत बसून काम करायचो. त्यांचं पॅनेल उघडलं की प्रत्येक वायरीवरचा नंबर समोरूनच वाचता यायचा, मान वाकडी करावी लागायची नाही. हे किती अवघड आहे ते पॅनेल उघडणाऱ्यालाच कळतं.

आधी आमची मशीन विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालायची. तीन हंगाम नीट चालली. अडचण एकच. व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे जिथे कांदा निवडून गोण्यांत भरतात तिथे, कांद्याचा पापुद्रा सतत हवेत असतो. तो कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायचा आणि कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. म्हणून मालकांनी बिनपंख्याची छोटी पेटी घ्यायचं ठरवलं. त्या पेटीवर लिनक्स होतं, आणि तिच्यासाठी आबांनी पॅनेलही नवं बांधलं.

"किती दिवस लागतील?" मालकांनी विचारलं.

"कोड तोच आहे," मी म्हणालो. "नावं बदलायची फक्त."

आणि मी खरोखर नावंच बदलली. विंडोजवर ज्याला इव्हेंट म्हणतात त्याच्या जागी लिनक्सचं कंडिशन व्हेरिएबल टाकलं. प्रोग्राम एकदाही न कुरकुरता कंपाइल झाला. कंपाइल झाला म्हणजे बरोबर आहे, असं मी दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नसतं. स्वतःला म्हणू दिलं.

चूक काय होती ते साध्या भाषेत सांगतो. प्रोग्राममध्ये दोन थ्रेड होते. एकाच वेळी कामाला लावलेले दोन गडी समजा. एक कॅमेऱ्याशी उभा, दुसरा झडपेशी. कांदा दिसला की पहिला हाक द्यायचा, दुसरा झडप उघडून 'झालं' म्हणायचा, मग पहिला पुढची हाक द्यायचा. विंडोजच्या इव्हेंटमध्ये हाक वाया जात नाही. ऐकणारा जागेवर नसला तर ती दाराच्या कडीला अडकवलेल्या चिठ्ठीसारखी थांबून राहते. लिनक्सच्या कंडिशन व्हेरिएबलमध्ये हाक म्हणजे नुसती हाक. ऐकणारा त्या क्षणी वाट बघत उभा नसेल तर ती गेली. तिथे चिठ्ठी आपण वेगळी लिहायची असते, आणि झोपण्याआधी एकदा व उठल्यावर पुन्हा एकदा ती बघायची असते. मी चिठ्ठी लिहिलीच नव्हती. दुसरा गडी 'झालं' म्हणून परत जागेवर येईपर्यंत जो पापणी लवण्याइतका वेळ जातो, नेमक्या त्यात पुढची हाक आली की ती हरवायची. मग हा हाकेची वाट बघत बसायचा आणि तो 'झालं'ची. पट्टा चालू, झडपा बंद, आणि कांद्याचा ढीग.

सातपूरला आम्ही प्लास्टिकचे चेंडू सोडून मशीन तपासायचो. चेंडू सावकाश यायचे, म्हणून तिथे हे कधीच झालं नाही. खळ्यावर भर हंगामात कांद्याला कांदा चिकटून येतो. तिथे दिवसातून एकदा, कधी दोनदा मशीन थिजायचं. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक.

मालकांनी आम्हा सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती उभं केलं. कारखान्यातली आठ-दहा माणसं होती.

"नवीन काय केलं आपण?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "सॉफ्टवेअर तीन हंगाम चाललेलं तेच आहे. पॅनेल नवीन आहे. अर्थिंग कच्चं असलं की असे खोटे सिग्नल येतात."

त्या वेळी माझी तशी खरीच समजूत होती. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो.

आबांनी नुसतं "बघतो साहेब" म्हटलं. ते लासलगावला गेले, सगळी वायरिंग सोडवून पुन्हा बांधली. मशीन थिजलंच. कारखान्यात चेष्टा सुरू झाली. "आबा, आता वायरीऐवजी सुतळी लावून बघा," एक फिटर म्हणाला. आबाही हसले. मग त्यांनी खळ्याच्या मागे अर्थिंगची तार पुरायला दुसरा खड्डा खणायला घेतला.

त्याच आठवड्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मला माझी चूक सापडली. डबा उघडा होता. भाकरी हातात राहिली आणि मी पडद्याकडे बघत बसलो. दुरुस्ती चार ओळींची होती.

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह घेऊन लासलगावला गेलो. आबा खड्ड्यात उतरले होते. कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, असं भरत होते. हात कोपरापर्यंत काळे. "थोडं कॅमेऱ्याचं सेटिंग बघतो," असं म्हणून मी आत गेलो आणि नवा प्रोग्राम टाकला. बाहेर आलो तेव्हा ते खड्ड्यात बादलीने पाणी ओतत होते. दोघांचंही काम एकाच तासात संपलं.

मशीन पुन्हा थिजलं नाही. सगळे म्हणाले, अर्थिंगच होतं.

आबा माझ्या टेबलापाशी आले. मालकांसमोर, फिटरसमोर म्हणाले, "साहेब, माझ्या हातून राहिलं. उगाच तुमच्यावर नाव आलं असतं."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

म्हणजे माझी चूक मी त्यांना माफ केली. त्यानंतर मालकांनी रिपोर्ट मागितला. 'कारण: पॅनेलचं सदोष अर्थिंग' असं लिहून मी खाली सही केली. कुणी कोड उघडलाच तर रिपोर्टशी जुळावं, म्हणून त्या चार ओळींच्या वर कॉमेंटही, म्हणजे कोड वाचणाऱ्यासाठी टीप, टाकली: अर्थिंगमुळे येणाऱ्या खोट्या सिग्नलवर उपाय.

कुणी आबांना कामावरून काढलं नाही. पण त्यांचा हात धजेना. एक पॅनेल ते तीन-तीनदा तपासायचे, घरी गेल्यावर फोन करून विचारायचे, "मेन बंद केला का बघता का जरा?" पुढच्या हंगामाआधी त्यांनी स्वतःच स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. आमच्याकडे खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पाटावर मांडतात. दरवर्षी आबांची पक्कड आणि टेस्टर माझ्या लॅपटॉपशेजारी असायचे, कुंकू तेच लावायचे. त्या वर्षी त्यांनी कुंकू लावलं. पक्कड आणली नव्हती. "स्टोअरवाल्याचं हत्यार म्हणजे पेन," ते म्हणाले, आणि खिशातलं पेन पाटावर ठेवलं. सगळे हसले. मीही हसलो. पुढे दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले.

हे असंच राहिलं असतं. पण आता एका गिऱ्हाईकाला मशीन पुन्हा विंडोजवर हवं झालं. दोन्हीकडे चालेल असा एकच कोड करायचं काम आमच्या नव्या इंजिनिअर बाईंकडे आलं. मी नावं बदलून भागवलं होतं. त्यांनी प्रत्येक हाकेमागचा अर्थ विचारत कोड ओळीओळीने वाचायला घेतला. गेल्या महिन्यात त्या लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या.

"सर, या चार ओळी एक सांगतात आणि वरची कॉमेंट दुसरंच. अर्थिंगचा इथे काय संबंध? कॉमेंट खरी धरली तर मला या ओळी काढाव्या लागतील, कारण नव्या साइटचं अर्थिंग उत्तम आहे. कुणावर विश्वास ठेवू?"

त्या ओळी काढल्या असत्या तर लिनक्सवरची सगळी मशीन पुन्हा थिजली असती. कुठल्या तरी वायरमनने पुन्हा खड्डा खणला असता.

"ओळींवर," मी म्हणालो.

"मग कॉमेंट कुणी लिहिली?"

"मी. खोटी आहे ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जराशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." मी त्यांना सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली. सहा वर्षं जे पोटात धरून बसलो ते पाच मिनिटांचं होतं. त्यांनी कॉमेंट पुसली आणि खरी लिहिली. त्या दिवशी डबा मी भाकरीच्या चुऱ्यासकट संपवला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? देवळ्याला जा."

रविवारी गेलो. आबांच्या दारात उन्हाळ कांदा काढून पसरला होता, आबा त्याची पात कापत बसले होते. पाठीमागे घरात आबांच्या पत्नी चहा गाळत होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं. बसलो असतो तर हवापाण्यावर बोलून परत आलो असतो.

आबांनी विळा खाली ठेवला. "म्हंजे हाक दिली आन् ऐकणारा जाग्यावर नव्हता?"

"हो."

"आन् मी खड्डा खंदत बसलो."

"हो."

"मंग माझं पहिलं अर्थिंग?"

"चांगलं होतं, आबा. पहिलंच चांगलं होतं."

त्यांनी हातातली पात बाजूला टाकली. मग घराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? पहिलंच बराबर व्हतं म्हणत्यात!"

त्या कपबशा घेऊन बाहेर आल्या. चहा माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे न बघता. "आन् घरातला बटणाचा बोर्ड बिघडला तरी गावातला पोरगा बोलवायचे, त्याचं काय? सोता हात लावत नव्हते. जल्मभर वायरमनकी केलेला माणूस."

"ऱ्हाऊ दे गं," आबा म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे? आलेत तर ऐकू दे."

मी ऐकलं. त्यांचं खरं होतं. आणि खरं सांगायचं तर, ते ऐकताना मला बरंच वाटत होतं. पहिल्यांदाच कुणीतरी योग्य माणसावर रागावलं होतं.

आबा मग हसले. "दोन नाय साहेब, दीडच खड्डा व्हता तो. खाली खडक लागला, अर्ध्यातच भरला. म्या कुणाला सांगितलं नाय." मीही हसलो. सहा वर्षांत आबांसमोर मनापासून हसलो ते तेव्हाच. निघताना ते मला विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी घेऊन गेले. झाकण उघडून म्हणाले, "कधीचा झटके मारतोय हा. आता बघतो मीच."

गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही सांगितलं, लय हलकं वाटलं. पण साहेब, तव्हा मी तुम्हाला एकट्याला नव्हतो बोललो. सगळ्यांसमोर बोललो व्हतो."

"मग तुम्ही या सातपूरला."

"कांदे चाळीत भरले का येतो."

चांदवडपर्यंत मी रेडिओ लावला नाही. काचा खाली होत्या, ऊन होतं, आणि मला झोप येत होती. चांगली, दमून आल्यासारखी झोप. रस्त्याकडेला गाडी लावून लिंबाखाली अर्धा तास झोपलो.

माझ्या सहीचा तो रिपोर्ट अजून फाईलमध्ये आहे. मालकांना अजून काही ठाऊक नाही. त्या जेवणाच्या टेबलाभोवती, त्याच माणसांसमोर, आबा उभे असताना 'चूक माझी होती' एवढं म्हणणं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.